नहर सुटली त्या रविवारी

काल सकाळी गावाच्या ग्रुपवर दादाचा मेसेज आला. "नहर सुटली." दोनच शब्द, खाली जोडलेले हात. त्याखाली लोकांचे अंगठे, फुलं, कुणाचा तरी नाचणारा शेतकरी. मी वर्ध्याच्या घरी पोह्याला फोडणी घालत होते. मोहरी काळी झाली, मिरच्या जळल्या, ठसका लागून शेजारीण दारात आली, तरी मी आपली फोन धरून उभी. शेवटी यांनी येऊन गॅस बंद केला. "सुटली वाटते नहर," म्हणाले. यांना आता सवय झाली आहे.

मला भीती वाटते, सरळच सांगते. दिवाळी सरली, गव्हा-हरभऱ्यासाठी धरणाचं पाणी सोडायची वेळ आली, की मला रात्री झोप लागत नाही. आमच्याकडं कालवा कुणी म्हणत नाही. कालवा शाळेच्या पुस्तकात, गावात नहर. पुस्तकातला कालवा मी बावीस वर्षं मुलांना शिकवते आहे आणि त्याचं मला काहीही वाटत नाही. नहर म्हटलं की तळवे गार पडतात.

खरं तर हा आमच्याकडचा सगळ्यात देखणा महिना. तुरी फुलावर असतात. कापूस पहिल्या वेच्याला आलेला. सकाळच्या एसटीनं आंजीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना धुकं बसलेलं दिसतं आणि खिडकीतून कपाशीच्या ओल्या पऱ्हाटीचा वास येतो. लहानपणी मी या दिवसांची वाट बघायची. नहरीला पाणी आलं की आम्ही पोरं काठानं त्याच्यासोबत पळायचो. पाण्याचं तोंड पुढं आणि आम्ही मागं. घरी गेल्यावर आई बदडायची, तेही गोड लागायचं.

मग नहर बंद पडली. वर कुठंतरी फुटली, दुरुस्तीचे कागद फिरत राहिले, आणि पंधरा वर्षं आमच्या फाट्याला, म्हणजे मोठ्या नहरीतून गावाकडं फुटलेल्या शाखेला, थेंब आला नाही. नहरीत बेशरम माजली. या झुडपाला बेशरम नाव कुणी दिलं त्याला साष्टांग नमस्कार! कापा, जाळा, तुडवा, आठ दिवसांनी पुन्हा हिरवीगार. बेशरमीच्या आड लोकांनी काय काय टाकलं ते विचारू नका. आमचं वावर नहरीच्या अगदी शेपटाला. दादा आणि वहिनी भाजीपाला करतात. वांगी, मेथी, पालक, सांभार. (पुण्याची माणसं सांभार म्हटलं की इडली शोधतात. आमच्याकडं सांभार म्हणजे कोथिंबीर, आता माहीत असू द्या.) विहीर संक्रांतीपर्यंत टिकायची, पुढं वांग्यांनी माना टाकायच्या आणि वहिनी गुंडानं, म्हणजे घागरीनं, एकेका झाडाला पाणी घालायची.

पाच वर्षांपूर्वी गावानं ठरवलं, आता कुणाची वाट पाहायची नाही. शनिवार-रविवार दोन दिवस श्रमदान करायचं. फाट्याच्या गेटपासून रस्त्याखालच्या मोरीपर्यंत किलोमीटरभर आणि मोरीपासून वावरांपर्यंत पुन्हा तेवढंच. मोठी नहर एव्हाना दुरुस्त होऊन तिच्यात पाणी चालू होतं, बुजलेला होता तो आमचा फाटा. फाटा साफ झाला तर रविवारी दुपारी थोडं पाणी सोडून बघू, असं नहरीचा चौकीदार म्हणाला होता. दादानं मला फोन केला. "तू येजो. लिवा-पुसाचं काम तुयाकडे." मी आनंदानं गेले. दोन दिवस माहेर, त्यात पुण्य फुकट.

तो शनिवार आठवला की अजूनही हात दुखतात. टिकासाचे घाव, घमेली फेकल्याचा आवाज, बेशरमीच्या कापलेल्या दांड्यांचा उग्र वास, काळ्या मातीचे चपलेला चिकटलेले गोळे. गाळातून काय निघालं? दारूच्या बाटल्या, एक सायकलचं चाक, लग्नातली प्लास्टिकची खुर्ची, आणि सुतळीनं बांधलेल्या भाजीच्या सडक्या पेंढ्यांचे थरच्या थर. माणसं एकसारखी येत-जात होती. कुणाची म्हैस दुधाला आली, कुणाकडं पाहुणे आले, कुणाला बाजारात जायचं होतं. त्यामुळं नावांची यादी करण्यात अर्थच नव्हता. दादानं तोड काढली, आमच्या गावची जुनी. माणसं मोजायची नाहीत, अवजारं मोजायची. फावडं, टिकास, सब्बल, घमेलं, जे जे लोकांनी घरून आणलं त्याची नोंद माझ्या वहीत. काम संपलं की सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत परत. अवजार परत आलं म्हणजे माणूस वर आला. विहीर खोदतानाही आमच्या आजोबांच्या काळापासून असंच करत आले आहेत. आपलं फावडं टाकून शेतकरी कुठं जात नाही, असा हिशोब. प्रत्येकानं आपल्या दांड्याला खुणेची चिंधी बांधली होती. वहिनीच्या फावड्याला निळी चिंधी होती, तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाची.

आता भांडणाचं सांगते. सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही.

रविवारी सकाळी मी हातमोजे घातले. शनिवारचे फोड आले होते, दुसरं काय करणार? वहिनीनं पाहिलं आणि चार बायांच्या देखत म्हणाली, "आमच्या ताई पाहा बाप्पा, हातमोजे घालून श्रमदान करून राह्यल्या. डाक्टरीन बाई आली जशी!" बाया खो-खो हसल्या. तशी शोभावहिनी थट्टेखोरच. लग्न होऊन आली तेव्हापासून आमचं हे असं चालू आहे, ती मला शहरातली म्हणून चिडवते आणि मी तिला फणसाचा काटा म्हणते. रोजच्यासारखं हसून सोडायचं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "हातमोजे घालावेच लागतात वहिनी. पंधरा वर्षं या नहरीत सडकी भाजी कोणी टाकली, ते त्या पेंढ्यांवरच्या सुतळीवरून ओळखू येते."

हसणाऱ्या बाया घमेली उचलून कामाला लागल्या. ते खरंच होतं, आणि खरं होतं म्हणूनच बोलायला नको होतं. बाजारात न खपलेला माल दोघं नवरा-बायको नहरीत टाकत आले होते. सगळेच टाकायचे. वहिनीचा चेहरा उतरला. तिनं निळ्या चिंधीचं फावडं उचललं आणि सरळ मोरीकडं गेली.

मोरीत जायला कुणीच तयार नव्हतं. डांबरी रस्त्याखालून गेलेला सिमेंटचा एक मोठा पाइप, कमरेएवढा उंच, एका एसटीच्या लांबीचा, अर्ध्याहून जास्त गाळानं भरलेला. वरच्या बाजूनं, म्हणजे पाणी जिकडून येणार त्या बाजूनं, उकरत आत जायचं होतं. पलीकडचं तोंड पूर्ण बुजलेलं. पुरुषांचे खांदेच मावेनात. वहिनी अंगानं किडकिडीत. ती पोटावर सरपटत आत गेली आणि मागून बाया दोरी बांधलेली घमेली ओढत राहिल्या. मी दुरून बघितलं. मला बंद जागेची लहानपणापासून भीती, कोठीत धान्य काढायला सुद्धा मी कधी उतरले नाही. मनात म्हटलं, रागाच्या भरात गेली, येईल बाहेर. जवळ मात्र गेले नाही.

दुपारी देवळापाशी रोडगे भाजून झाले, वांग्याच्या भाजीचा वास नहरीपर्यंत येऊ लागला, भोंग्यावर भजनं सुरू झाली. कामं आटोपली; मोरीत उरलेला गाळ पाण्याच्या जोरानं फुटेल, असं चौकीदार म्हणाला. ट्रॉली अवजारं गोळा करत रस्त्याच्या लांब फेऱ्यानं वर गेटपाशी आली. तिथं मी वही घेऊन बसले होते. गेटचं चाक गंजून घट्ट झालेलं. सकाळपासून डिझेल ओतून ओतून दादानं आणि चौकीदारानं ते जेमतेम हलतं केलं होतं. मी ट्रॉलीत चढले आणि मोजायला लागले. एकेचाळीस नोंदवलेली, एकेचाळीस आली. निळी चिंधी मी डोळ्यांनी पाहिली, हातानं बाजूला केली.

दादानं खालून विचारलं, "सगळे आले?"

मी मान वर केली. गेटपाशी पन्नासेक माणसं होती. मी सगळ्यांवरून नजर फिरवली. शिक्षिकेची नजर आहे ही, वर्गातलं एक बाक रिकामं असलं तरी मला दिसतं. वहिनी नव्हती. ते मला दिसलं. तिचं नाव माझ्या ओठांवर आलं सुद्धा. आणि मी मनात म्हटलं, रुसली आहे, घरी जाऊन बसली असेल. बसू दे.

"हो," मी म्हटलं, "झालं. सोड."

नारळ फुटला. चाक कुरकुरत फिरलं. गेटखालून पाणी आधी पाझरल्यासारखं आलं, मग फेसाळलं, आणि पंधरा वर्षांनी आमच्या फाट्यात घुसलं. म्हातारी माणसं रडत होती. चौकीदारानं टोपी काढली. आम्ही दहाएक मिनिटं नुसते बघत उभे होतो. मग सगळे पंगतीकडं निघाले, आणि शेजारच्या बेबीताई माझ्या बाजूनं चालता चालता म्हणाल्या, "शोभा काऊन नाई आली नारळ फोडाले?"

"तिचं फावडं तर आलं," मी म्हटलं.

"अवो, ते त मीच आनलं! मोरीत फावडं फिरत नाई म्हने, तेलाच्या टिनानं काढतो. म्या जेवाले येतानी दोनदा आवाज देला, बोल्ली नाई. म्हटलं, गेली असन घरी."

टिनाची नोंद माझ्या वहीत नव्हती.

पुढचं मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. मी किंचाळले, दादा चाकाकडं धावला. सकाळभर डिझेल पिऊन उघडलेलं ते गेट आता बंद व्हायला तयार नव्हतं. तो आणि चौकीदार चाकाला लोंबकळत होते. वहिनीचा फोन घरी चार्जिंगला. बाकीची माणसं देवळाकडं पुढं गेलेली, त्यांना फोन लावला तर भोंग्यापुढं ऐकू कुणाला जाणार? काठावर बेशरमीच्या कापलेल्या दांड्या भाल्यांसारख्या उभ्या, ट्रॅक्टर जाईना, आणि रस्त्यानं जायचं तर फेरा लांबचा. मी पळत सुटले. एक चप्पल तिथंच राहिली. पन्नाशीकडं झुकलेली, दोन मजले चढले की धापा टाकणारी बाई मी. पळत होते आणि तोंडानं देवाला वाट्टेल ते कबूल करत होते.

आणि पाणी माझ्या आधी निघालेलं होतं.

कोरड्या नहरीत पहिलं पाणी धो-धो येत नाही. ते माणसाच्या चालीनं येतं. जमीन ते पीत असते म्हणून हळू येतं. पुढं सुक्या पानांची, काटक्यांची, फेसाची एक जाड गुंडाळी ढकलत येतं. त्या गुंडाळीवर मुंग्या, किडे, एक सरडा, सगळे चढून बसलेले. आवाज फार नाही. कुणी चिंधी फाडत असावं तेवढाच. मी अर्ध्या वाटेवर त्या तोंडाला गाठलं आणि त्याच्या पुढं गेले. मागं वळून बघितलं की ते येतच होतं, न थांबता, न घाई करता. मला वाटतं, ते जोरानं धावत आलं असतं तर मला एवढी भीती वाटली नसती.

मोरीशी पोचले तेव्हा पाणी दोनशे पावलं मागं असेल. मी खाली उतरले, पाइपाच्या तोंडाशी वाकले. "वहिनी! ओ वहिनी!" ओ नाही. आतून फक्त टिन घासल्याचा आवाज. खर्र. खर्र. म्हणजे होती. जिवंत होती आणि काम करत होती. मी पुन्हा ओरडले, माझाच आवाज पाइपातून घुमून माझ्या अंगावर आला. मग मी आत शिरले. मी, जी कोठीत कधी उतरली नाही. गाळाचा वास, वर डोक्याला घासणारं सिमेंट, पुढं काळोख. हातांनी चाचपत गेले तर तिचे तळवे लागले. भेगा पडलेले, गार. मी घोटे धरून ओढले. तिला वाटलं साप, तिनं अशी लाथ मारली की माझ्या ओठातून रक्त आलं.

"पाणी!" मी ओरडले. "वहिनी, पाणी सोडलं!"

त्या पाइपात वळता येत नव्हतं. तिला उलटं सरपटत यायचं होतं, आणि तिच्या आधी मला. पाणी मागूनच येत होतं, आम्ही पाण्याकडंच चाललो होतो. आधी माझ्या पोटऱ्यांना ओली पानं लागली. मग मांड्यांना गारवा. मी बाहेर पडले तेव्हा पाणी गुडघ्याला होतं, आणि तिचं तोंड बाहेर आलं तेव्हा ते पाइपाच्या निम्म्यावर आलेलं. आम्ही काठावर चढून पडलो. पलीकडचं तोंड बुजलेलं असल्यामुळं पाण्याला वाट नव्हती. ते तुंबलं, चढलं, आणि चहाचा कप संपेल तेवढ्या वेळात पाइपाचं तोंड दिसेनासं झालं. थोड्या वेळानं आत कुठंतरी गाळ फुटला, मोठ्ठा ढेकर दिल्यासारखा आवाज झाला, आणि पाणी आमच्या वावरांकडं धावलं.

वहिनी खोकत होती. केसात गाळ, तोंडात गाळ. तिनं डोळे पुसले, पाण्याकडं बघितलं, आणि हसली. "आलं वं माय," म्हणाली, "पाणी आलं."

गावानं माझा सत्कार केला. खरंच केला, देवळापाशी, शाल आणि नारळ देऊन. नणंद असावी तर अशी, असं सरपंच भोंग्यावर बोलले. दादा माझे हात धरून रडला. मी शाल पांघरून उभी होते आणि घामानं भिजले होते. दर वर्षी कुणी ना कुणी ती गोष्ट काढतं, नव्या सुनांना सांगतं, आणि वहिनी मान डोलावते. "ताईनं ओढलं म्हून हावो आमी." त्या वेळी माझी काय अवस्था होते ते मलाच माहीत. मोजताना चुकले असते तर माफी मागून मोकळी झाले असते. टिन वहीत नव्हतं, चूक पद्धतीची होती, असं सगळे म्हणतात. पण मला ती नसलेली दिसली होती. बसू दे, असं मी म्हटलं होतं, आणि मग सोड म्हटलं होतं.

तेव्हापासून मी माणसं मोजते. सहलीला मुलं नेली की बसमध्ये तीनदा हजेरी, नाव घेऊन, तोंड बघून. मुलं माझी नक्कल करतात, करू देत बापडी. आता गावच्या श्रमदानातही नावांची यादी असते. बाथरूममधली बादली भरत आली की होतो तसा आवाज कुठंही ऐकला की मी उठून घरातली माणसं बघून येते. हे चिडत नाहीत. पण यांनाही मी खरं कधी सांगितलं नव्हतं.

काल जळलेले पोहे टाकून मी एसटी धरली आणि गावी गेले. दादा पाणी वळवायला वावरात गेलेला. ओसरीत वहिनी बाजारासाठी सांभाराच्या जुड्या बांधत बसली होती. मी बाजूला बसले, चार जुड्या बांधल्या, पाचवी सुटून गेली. आणि मग सांगून टाकलं. सगळं. गेटपाशी नजर फिरवल्याचं, नाव ओठांवर आल्याचं, बसू दे म्हटल्याचं.

वहिनी जुड्या बांधत राहिली. तिनं वर बघितलंच नाही. मला वाटलं, आता उठेल आणि निघून जाईल, आणि पुन्हा या घरात मला पाय ठेवता येणार नाही. आई गेल्यावर हे एकच तर दार उरलं आहे मला.

"बेबीनं दोनदा आवाज देला होता," ती शेवटी म्हणाली.

"हो. आत ऐकू नसेल आलं."

"आलं होतं." तिनं सुतळीची गाठ मारली, दातानं तोडली. "साफ आलं होतं. मी मुद्दाम बोल्ली नाई. म्हटलं, ताईलेच येऊ दे बलवाले. सकाळी बोल्ल्या ना, आता येतीन गरज पडली का. मग तुमचा बी आवाज आला ताई. 'वहिनी, वहिनी' करत होत्या. तवाबी नाई बोल्ली मी. म्हटलं, अजून एकडाव हाक मारू दे."

बाहेर नळ टपकत होता तो सुद्धा मला ऐकवेना.

"अजून एकडाव," वहिनी पुन्हा म्हणाली आणि तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "आन मी तशीच टिन घासत राह्यली. पाच वर्सं झाली, मले भेव लागते ताई. पान्याचं नाई, माह्या सोताचंच. यायलेबी, तुमच्या दादाले, नाई सांगतलं म्या."

आम्ही दोघींनी उरलेल्या जुड्या बांधून काढल्या. कुणी कुणाची समजूत घातली नाही, घालण्यासारखं काय होतं? ढीग संपल्यावर ती पदरानं नाक पुसत उठली आणि चहा ठेवायला आत गेली. आत डब्यांचा आवाज झाला. मग आवाज थांबला, घर एकदम शांत झालं, आणि मी उठून उभी राहिले.

"ताई!" आतून हाक आली.

"ओ!" मी इतक्या मोठ्यांदा ओरडले, की वावरातून नुकताच दारात आलेला दादा चपला काढता काढता दचकून थांबला.